हवा बारीक होत नाही

लॅपटॉपच्या खोक्यावरचा तक्ता फुरसतीने वाचण्यासारखा असतो. प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा, रॅम किती जीबी, स्क्रीन किती इंची, वजन किती किलो, आणि जाडी तर दशांश चिन्हापर्यंत: १४.९ मिलिमीटर. सरळ पंधरा म्हटलं असतं तर कोणाचं काही अडलं नसतं, पण तो एक दशांश वाचवायला कोणीतरी रात्री जागवलेल्या असतात आणि त्याचं श्रेय सोडवत नाही. असे आकडे ओळीने उतरत येतात आणि मग स्पीकरची ओळ येते. तिथे आकडे अचानक संपतात आणि विशेषणं सुरू होतात. आवाज 'समृद्ध' असतो, 'जिवंत' असतो, 'चित्रपटगृहाचा अनुभव देणारा' असतो. स्पीकर किती वॅटचा हे क्वचित सांगतात, तो किती खालच्या स्वरापर्यंत पोचतो हे जवळपास कधीच सांगत नाहीत. विकणाऱ्याकडे चांगला आकडा असता तर त्याने तो लपवला नसता, एवढा व्यवहार आपल्यालाही कळतो. तरी या ओळीवरून आपण कंपनीशी भांडत नाही. घरी आणून गाणं लावतो, 'आवाज जरा पत्र्यासारखा आहे' म्हणतो आणि खापर स्पीकरवर फोडतो. माझं म्हणणं असं की, हा स्पीकर बिचारा निर्दोष आहे. उलट अख्ख्या लॅपटॉपमध्ये जाहिरातीपुढे मान न झुकवणारा भाग कोणता, तर तोच. गुन्हेगार शोधायचाच असेल तर तो १४.९ च्या शेजारी सापडेल.

संगणकाचा इतिहास हा बारीक होण्याचा इतिहास आहे. १९४६ साली जगापुढे आलेला एनिअॅक एक भलीमोठी खोली व्यापून बसला होता. १९७१ साली इंटेलच्या ४००४ या नखाएवढ्या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर मावले, आणि आज तेवढ्याच नखावर अब्जावधी मावतात. याच काळात स्पीकरने काय केलं? जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली जो स्पीकर मांडला, त्यात एक चुंबक होतं, एक तारेचं वेटोळं होतं आणि त्या वेटोळ्याने मागेपुढे हलणारा एक पडदा होता. आज शंभर वर्षांनी लॅपटॉप उघडून पाहिला तर आत एक चुंबक, एक वेटोळं आणि एक पडदाच निघतो. अभियंते आळशी होते असं नाही. ट्रान्झिस्टरला काम मोजण्याचं असतं आणि आकड्याला आकारमान नसतं. एक हा एक, मग तो डोंगरावर लिहा की मोहरीवर. स्पीकरला काम हवा ढकलण्याचं असतं, आणि हवा १९२५ साली होती तशीच आजही आहे. तिची कोणी नवी आवृत्ती काढलेली नाही.

ही हवा किती हट्टी आहे ते साध्या हिशेबाने कळतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ५० हर्ट्झच्या खर्ज आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब होते. मुंबईतल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये ती आडवी घातली तर दोन्हीकडून भिंतीबाहेर येईल, आणि आपली अपेक्षा अशी की ती वहीएवढ्या यंत्रातून निघावी. बरं, निसर्गाचा आणखी एक नियम आहे. तेवढ्याच पडद्यातून तेवढाच जोर हवा असेल, तर स्वर एक सप्तक खाली नेताना पडद्याची हालचाल चौपट करावी लागते. ४०० हर्ट्झवरून ५० हर्ट्झवर यायचं म्हणजे तीन सप्तकं उतरायची. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ पट. वरच्या स्वरासाठी पडदा मिलिमीटरचा एक दशांश हलत असेल, तर खालच्यासाठी त्याला सहा मिलिमीटरांहून अधिक उडी मारावी लागेल. म्हणजे १४.९ मिलिमीटरच्या यंत्रातला स्पीकर एकदा कीबोर्डमधून वर डोकावेल आणि एकदा टेबलाला टेकेल. सृष्टीत बघा, ज्याचं अंग लहान त्याचा आवाज चढा. डासाचं गुणगुणणं साधारण ४०० ते ६०० हर्ट्झच्या आसपास असतं आणि हत्ती माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या खर्जातही एकमेकांशी बोलतात. हत्तीने डासाचा आवाज काढावा असं कोणी म्हणत नाही. डासाने मात्र हत्तीचा काढावा, अशी आपली मागणी असते, आणि तीही साठ हजारांच्या आत.

पडदा एकटा असून भागत नाही, त्याला पेटी लागते. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दोन्ही एकमेकींना भेटल्या तर हिशेब मिटतो आणि खालचा आवाज जागच्या जागी नाहीसा होतो. म्हणून मागची हवा कोंडून ठेवायची. पण कोंडलेली हवा थोडी असेल तर ती कडक स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याला खालच्या स्वरात हलूच देत नाही. आता लॅपटॉपच्या पोटात जागावाटप कसं होतं ते आठवा. सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचा, मग मदरबोर्ड, पंखा, उष्णता वाहून नेणारी नळी, टचपॅड. या सगळ्यांचं समाधान झाल्यावर कोपऱ्यांत जे दोन अरुंद बोळ उरतात, ते स्पीकरचे. वर कीबोर्डने जागा अडवलेली असल्याने आवाजाची भोकं पुष्कळदा खालच्या बाजूला असतात. नामवंत गवयाला बोलवावं आणि जमिनीकडे तोंड करून गा म्हणावं, त्यातलीच ही तऱ्हा. मग गाणं कसं होईल हे गवयावर नाही, जमिनीवर ठरतं. सागवानी टेबलावर तोच लॅपटॉप बरा गातो, मांडीवर घेतला की कुजबुजतो आणि गोधडीवर ठेवला की मौन धरतो.

याचा परिणाम आपल्या संगीतावर काय होतो, हे कोणत्याही परदेशी आलेखापेक्षा आपली वाद्यं नीट सांगतात. पुण्यातल्या एखाद्या पथकाचं ढोल-ताशाचं चित्रण छोट्या लॅपटॉपवर लावा. ताशा स्वच्छ ऐकू येतो, किंबहुना नको इतका. झांजही येते. ढोल मात्र दिसतो. पंचवीस-तीस जण घाम गाळून टोल देताहेत, कमरेचे ढोल थरथरताहेत, आणि त्यांच्यातून कोणीतरी पुठ्ठ्यावर बोट आपटल्याचा आवाज निघतोय. तबल्याची स्थिती याहून नाजूक. 'धा' हा बोल दोन हातांचा असतो. उजव्याचा 'ना' आणि डाव्या डग्ग्याचा 'घे' एकत्र वाजले की 'धा' होतो. 'धिं'चंही तसंच. छोट्या लॅपटॉपांचा आवाज तीन-चारशे हर्ट्झच्या खाली झपाट्याने ओसरतो आणि डग्ग्याचा घुमारा राहतो त्याच्या पार तळाशी. घुमारा गेला की 'धा'चा 'ना' होतो आणि 'धिं'चा 'तिं'. आता त्रितालाचा ठेका घ्या. सोळा मात्रांत नवव्या मात्रेवर खाली येते ती कशी ओळखायची? तर त्या सुमारास डग्गा थांबतो. लॅपटॉपवर तो पहिल्या मात्रेपासूनच थांबलेला असतो. म्हणजे अख्खा त्रिताल सोळाच्या सोळा मात्रा खालीच. तबलजी भरी वाजवतोय हे फक्त त्याच्या डाव्या हाताकडे बघून कळतं. संगीत ही पाहायची कला आहे, हे छोट्या लॅपटॉपइतकं कोणी पटवून दिलेलं नाही.

मग या स्पीकरवर चांगलं काय वाजतं? हेही पाहिलं पाहिजे, कारण तो मुका नाही. माणसाचा कान सगळ्या स्वरांना सारखी दाद देत नाही. बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली माणसांना वेगवेगळे स्वर ऐकवून त्याचे आलेख काढले. दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कान सर्वांत तिखट असतो, आणि आवाज हळू असेल तर खर्जाला तो जवळजवळ बहिरा होतो. हळू ऐकताना हजार हर्ट्झच्या बरोबरीने ५० हर्ट्झचा स्वर ऐकू यायचा असेल तर त्यामागे हजारपटीहून जास्त शक्ती लावावी लागते. म्हणजे जिथे लॅपटॉप लंगडा तिथेच कानही मंद, आणि जिथे कान तिखट नेमका तिथेच लॅपटॉप धडधाकट. परिणामी काही गोष्टी त्यावर फार सुरेख ऐकू येतात: तान्ह्या मुलाचं रडणं, कुकरची शिट्टी, मेल आल्याची टिंग, आणि वृत्तवाहिनीवरची ती चर्चा, जिच्यात सहा जण एकाच वेळी बोलतात आणि सातवा त्यांना एकेक करून बोला म्हणून ओरडतो. तिथे काही कमी पडल्याची तक्रार आजवर ऐकिवात नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकाही शोभतात. १९२५ च्या आधी कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्यांवर खर्ज उमटतच नसे, त्यामुळे लॅपटॉपने गाळावं असं त्यांत काही उरलेलंच नाही. शतकभराच्या प्रगतीनंतर आपण कर्ण्याशी बरोबरी साधली आहे, हे नोंदवून पुढे जाऊ.

इथे एक जाणकार हात वर करतो. तो म्हणतो, लॅपटॉपमधून खर्ज निघतच नसेल तर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच कसा वाटतो? काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते, ती लॅपटॉपवरही ओळखू येते, ती कशी? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर मजेदार. कोणताही सुरेल आवाज एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर येतात. मेंदूला हे वरचे सोबती नियमित अंतरावर ऐकू आले की तो हिशेब करून त्यांचा गैरहजर मूळपुरुष स्वतःच हजर करतो. टेलिफोन याच उधारीवर चालला. जुन्या फोनच्या तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचं काही जातच नसे, तरी पलीकडून काका बोलताहेत की काकू, हे कळायचं. तानपुऱ्याला तर जवारी असल्याने उपस्वरांचा सुकाळ असतो. तेव्हा तानपुऱ्याचा खर्ज लॅपटॉप ऐकवत नाही, तो आपला मेंदू पदरचा घालतो. गंमत म्हणजे उद्योगाने ही गोष्ट ओळखून तिचीच सॉफ्टवेअरं काढली. ती खर्ज काढून टाकतात, त्याचे उपस्वर कृत्रिमपणे वाढवतात आणि बाकीचं तुमच्या डोक्यावर सोडतात. खोक्यावर याचं नाव 'दमदार बेस'. काम आपल्या मेंदूचं, नाव त्यांचं. शिवाय ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ढोलाच्या उपस्वरांत तसा पूर्णांकांचा नेटका हिशेब नसतो आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यात वरच्या स्वरांचा साठाच तुटपुंजा. मेंदू हुशार असला तरी पावतीशिवाय बिल मंजूर करत नाही.

विशेषणांचा पुढचा टप्पा म्हणजे नामांकित ध्वनिकंपनीचं नाव. कीबोर्डच्या वर बारीक चकचकीत अक्षरांत ते कोरलेलं असतं. ज्या कंपनीने दिवाणखान्याएवढे स्पीकर करून नाव कमावलं, तिने या बोळातला आवाज 'जुळवून' दिलेला असतो. जुळवणीने फरक पडत नाही असं नाही. बेताल कर्कशपणा थोडा आवरता येतो. पण सहीने पडद्याचं क्षेत्रफळ वाढत नाही. डॉल्बी अॅटमॉस २०१२ साली चित्रपटगृहांत आलं ते छतावरही स्पीकर लावून, म्हणजे हेलिकॉप्टर खरोखर डोक्यावरून जावं. आज तेच नाव टेबलाकडे तोंड केलेल्या दोन स्पीकरांच्या यंत्रावर असतं. स्टिरिओचं घ्या. नीट स्टिरिओसाठी दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो, म्हणजे कोन ६० अंशांचा. लॅपटॉपचे स्पीकर पंचवीस सेंटिमीटरांवर आणि डोकं साठ सेंटिमीटरांवर असेल तर कोन जेमतेम २३-२४ अंशांचा होतो. उजवीकडचा सारंगीवाला आणि डावीकडचा तबलजी एकमेकांच्या मांडीवर बसतात. मग माणूस आवाज वाढवून बघतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये तर पट्टी शंभर टक्क्यांच्याही पुढे जाते. शंभराच्या पुढे स्पीकरची ताकद वाढत नाही. लाटेचे शेंडे छाटले जातात आणि सुराची फरफर होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, शब्दशः. काही महागड्या लॅपटॉपांचा आवाज खरोखरच चांगला असतो. अॅपलने २०१९ साली सोळा इंची मॅकबुक प्रोमध्ये सहा स्पीकर घातले आणि खालच्या स्वरांचे स्पीकर पाठीला पाठ लावून बसवले, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याने रद्द करावा आणि यंत्र थरथरू नये. त्याचा आवाज ऐकून लोक चकित झाले ते योग्यच. पण हा पुरावा माझ्याच बाजूचा आहे. तिथे स्पीकरला जागा दिली, म्हणून आवाज आला. त्याच कंपनीने १५ जानेवारी २००८ ला सॅन फ्रान्सिस्कोत पहिला मॅकबुक एअर दाखवला तेव्हा स्टीव्ह जॉब्झ यांनी तो कागदी पाकिटातून बाहेर काढला आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्या यंत्रात स्पीकर होता एक, तोही कीबोर्डखाली दडवलेला. टाळ्या पाकिटाला होत्या. त्याच्या आदल्या वर्षी आसूसचा इवलासा ई-पीसी आला होता. त्याची स्क्रीन सातच इंची असल्याने तिच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरली आणि तिथे स्पीकर चक्क माणसाकडे तोंड करून बसले. पुढच्या मॉडेलमध्ये स्क्रीन मोठी झाली आणि स्पीकर खाली गेले. गिऱ्हाईकाला डोळे आणि कान यांत निवड करायला सांगितली की काय होतं, त्याचा हा निकाल.

तिसरा आक्षेप सगळ्यांच्या ओठांवर असतो: हेडफोन घ्या की! ब्लूटूथ स्पीकर घ्या की! हेडफोनचा पडदाही लहानच, तरी तो खर्ज देतो, कारण त्याला हॉलभर हवा ढकलायची नसते. कानाच्या पोकळीतली चमचाभर हवा हलवली की पुरे. उपाय रास्त आहे, पण मग बेरीज करू. १४.९ मिलिमीटरचा लॅपटॉप, त्यासोबत हेडफोनची पेटी, डब्याएवढा ब्लूटूथ स्पीकर, त्याची वायर, आणि लॅपटॉपला भोकं कमी पडतात म्हणून एक हब. लॅपटॉप बारीक झाला आणि पिशवी बाळसेदार झाली. जाडी नाहीशी झालेली नाही, तिची बदली झाली आहे, आणि तिचा खर्च वेगळा. शिवाय हेडफोन एकाचाच. साताऱ्याहून आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर आले की समोर चौघं जमतात. तिथे कानात घालायची वस्तू कुचकामी आणि पुन्हा त्याच बोळातल्या स्पीकरला हाक मारावी लागते.

चौथा आक्षेप सामाजिक आहे आणि मला तो सर्वांत आवडतो: आवाज वाईट आहे तेच बरं, चांगला असता तर शेजाऱ्यांनी जगावं कसं? यात तथ्य आहे. भिंतीतून पार होतो तो खर्ज. वरचे स्वर भिंतीत अडकतात. म्हणून वरच्या मजल्यावरच्या लग्नाचं गाणं कळत नाही, फक्त धम धम येते. लॅपटॉपमध्ये धम नाहीच, तेव्हा पलीकडच्या फ्लॅटला शांतता लाभते. पण भिंत नसेल तर? डेक्कन क्वीनमध्ये शेजारच्या सीटवरचा गृहस्थ हेडफोनाविना सिनेमा बघू लागतो, तेव्हा आपल्या वाट्याला नेमका तोच पट्टा येतो ज्याला आपला कान सर्वांत हळवा आहे. नायकाच्या आवाजातलं गांभीर्य गाळून त्याची फक्त किरकिर पोचते. तेव्हा हा स्पीकर समाजाचं भलं करतो ते भिंतीपलीकडच्यांचं, आणि सूड उगवतो तो जवळच्यांवर.

एकूण निष्कर्ष असा की, सुधारणा स्पीकरमध्ये करायची नाही, दुकानात करायची आहे. आपण लॅपटॉप निवडतो तो बोटांवर तोलून. विकणारा तो दोन बोटांनी उचलून दाखवतो, आपणही उचलून बघतो, आणि कान त्या वेळी एसीचा आवाज ऐकत असतात. त्याऐवजी त्रिताल लावायला सांगावा आणि भरी-खाली कळते का ते पाहावं. ढोल लावावा. विक्रेता म्हणेल, 'साहेब, शोरूममध्ये गोंगाट आहे, घरी मस्त वाजेल.' त्यावर तक्त्यात एक आकडा मागावा: हा स्पीकर किती हर्ट्झपर्यंत खाली उतरतो? हा आकडा जाडीच्या शेजारी, तेवढ्याच टायपात छापायची सक्ती झाली तर लोक पाच मिलिमीटर जास्त जाड यंत्र आनंदाने घेतील, असा माझा युक्तिवाद आहे. त्याची कमकुवत बाजूही मला दिसते. दोन्ही आकडे शेजारी छापले तरी लोक बारीक लॅपटॉपच उचलतील, घरी नेतील, तबल्याला 'ना, ना' म्हणताना ऐकतील आणि स्पीकरला शिव्या देतील. तसं झालं तरी एक गोष्ट पदरात पडेल: शिव्या कोणाला द्यायच्या, हे निदान बिलावर छापलेलं असेल, गिऱ्हाइकाच्या नावासकट.